अंकलचा फोन आणि पुत्रजयाची बैठक

"नलूताई, पेपर झाला असेल तर द्या इकडे. त्या थायलंड-कंबोडियाचं मिटलं का एकदाचं?"

"कसलं मिटतंय वहिनी! मूळ वाद शंकराच्या देवळाचा. प्रेह विहेअर. उंच कड्यावर देऊळ, पण चढायची सोपी वाट थायलंडच्या बाजूनं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९६२ साली ते कंबोडियाला दिलं. सीमेचं घोंगडं मात्र भिजतच."

"आणि त्या फोनचं काय हो?"

"अहो, थायलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान पैतोंगतार्न कंबोडियाच्या माजी पंतप्रधान हुन सेनना 'अंकल, अंकल' करत बोलल्या. वर आपल्याच सेनापतीची तक्रार! अंकलनी सगळं रेकॉर्ड करून ८० जणांना दिलं. मग फुटायचं राहतंय? ऑगस्टमध्ये कोर्टानं बाईंची खुर्ची काढून घेतली."

"अगबाई! वडिलांचा जिगरी दोस्त ना तो?"

"तोच. पण त्याआधी, २०२५ च्या जुलैत, पाच दिवस तोफा धडधडल्या. आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचं, अध्यक्षपद तेव्हा मलेशियाकडे. तिथल्या पंतप्रधान अन्वर इब्राहिमनी दोन्ही देशांच्या नेत्यांना पुत्रजयाला बोलावून समोरासमोर बसवलं. २८ जुलैच्या मध्यरात्री शस्त्रसंधी."

"टीव्हीवर तर ट्रम्प म्हणत होते, मीच मिटवलं!"

"आयातशुल्काचा दम त्यांनी भरला, नाही कशाला म्हणू? त्यानं दोघं वरमलेही. पण बैठकीला यजमान शेजारचाच लागला. त्याला उद्याही दोघांशी व्यवहार करायचाय ना."

"मग डिसेंबरात पुन्हा का जुंपली?"

"आसियानचं दुखणंच ते. सगळं एकमतानं करायचं, कुणाच्या घरात नाक खुपसायचं नाही. २०११ मध्ये इंडोनेशियाचे निरीक्षक जायचं ठरलं, थाई सैन्यानं मोडता घातला, गेलेच नाहीत. या खेपेला गेले. पण निरीक्षक बघून सुरुंग थोडाच फुटायचा थांबतो? नोव्हेंबरात थाई जवान जखमी झाले, ऑक्टोबरात दोघांत झालेला शांतता करार लटकला. २७ डिसेंबरला परत नव्यानं सह्या."

"आणि आपलं दक्षिण आशियाचं सार्क?"

"त्याच्या सनदेतच लिहिलंय, दोन देशांमधले वादाचे विषय काढायचेच नाहीत. शेवटची शिखर परिषद काठमांडूला, २०१४ साली. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबादची बारगळली ती बारगळलीच."

"म्हणजे आसियान बरी म्हणायची?"

"काठावर पास. सार्क परीक्षेलाच बसलं नाही."