पहाटेची लेखणी

साखरशेत ह्या आमच्या जव्हार तालुक्यातील गावाच्या नावात साखर असली तरी रानात पिकते ती नागली आणि वरई, त्यामुळे नाव एक आणि वस्तू दुसरी ही राज्यकारभारातील थोर परंपरा आम्हांस परकी वाटत नाही. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य रणगाड्यांसह निजामाच्या मुलखात शिरले व पाच दिवसांत अंमल बसवून मोकळे झाले, तरी दप्तरी त्याची नोंद पडली ती ‘पोलीस कारवाई’ म्हणून. उलट त्याआधी तीनच वर्षे, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, गोदाराणीच्या, म्हणजे गोदावरी परुळेकरांच्या, सभेसाठी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर खऱ्याखुऱ्या पोलिसांनी गोळ्या झाडून जेठ्या गांगडासह पाच जणांस ठार केले, त्यास युद्ध म्हणण्याचे औदार्य मात्र कोणी दाखविले नाही. पुढे १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांनीच बंड मांडले व त्यांस आवरण्यास लष्कर आले, तेव्हा कुठे लष्कराच्या ‘पोलीस कारवाई’स शब्दशः अर्थ प्राप्त झाला!

राष्ट्रपतींची लेखणी ही त्याहून नाजूक चीज. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद ह्यांनी ‘अंतर्गत अशांतते’च्या जाहीरनाम्यावर दस्तुर केला, आणि देशात अशांतता आहे हे मंत्रिमंडळास दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, व्यंगचित्रकार अबू अब्राहम ह्यांनी तर टबात बसल्या बसल्या वटहुकूम सही करून परत देणारे राष्ट्रपतीच रेखाटून ठेवले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अशांततेच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले आणि आणीबाणीपूर्वी मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक ठरला. राष्ट्रपती राजवट उठविण्याबाबत तसे बंधन कोणास सुचले नसावे, कारण २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राजवट उठली ती केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न भरता, १९६१ च्या कामकाज नियमांतील बाराव्या नियमाच्या आधारे. आणि राज्यातील ज्या मंत्रिमंडळासाठी हा ब्राह्ममुहूर्त साधला, ते चौथ्या दिवशी राजीनामा देते झाले.

पलटण आणि लेखणी ह्यांचे एवढे पुराण लावले खरे, पण आमचा मुद्दा पाण्याचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ अन्वये जिल्हाधिकारी, अथवा त्यांनी अधिकार दिलेले कोणीही कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे प्रसंगी खुद्द तहसीलदार, बेकायदा जमाव पांगविण्यास सैन्य पाचारू शकतात. परंतु मे महिन्यात एखाद्या पाड्यास पाण्याचा एक टँकर हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी आणि वरून मंजुरी, इतके सोपस्कार उरकेपर्यंत बहुधा पाऊसच येतो. (तो येतो तेव्हा मुबलक येतो, त्याचे पाणी मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणात साठते आणि मुंबईस जाते.) तेव्हा चाणाक्ष ग्रामस्थाने टँकरचा अर्ज न करता विहिरीवर बेकायदा जमाव जमवावा, पलटणीसाठी आणलेले पाणी तरी पाड्यापर्यंत पोचेल.

मेहेरबान राष्ट्रपतींच्या चरणी अर्ज इतकाच की, पुन्हा कधी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी लेखणी हाती घेण्याचा योग आला, तर त्या वेळी आमच्या बायाही हंडे घेऊन विहिरीच्या काठी जाग्याच असतात. दौतीतील शाई उरली तर त्यांच्याही कागदावर एक दस्तुर व्हावा.