दोन वाजता बारा वाजतात

सालामांका विद्यापीठ 1218 साली सुरू झालं. तेव्हापासून या स्पॅनिश गावाला दोनच मोठी कामं: परगावच्या पोरांना शिकवणं आणि त्यांना जेवू घालणं. शिकवायला प्राध्यापक आहेत. जेवू घालायला सेन्योरा, म्हणजे घरमालकीण बाई आहे, आणि तिच्याकडे फेरपरीक्षा नसते.

पुण्याहून स्पॅनिश शिकायला गेलेल्या मुलाच्या हातात एक पत्ता पडतो. तिसरा मजला, साठी उलटलेली सेन्योरा, निवृत्त नवरोबा आणि लग्न होऊन माद्रिदला गेलेल्या लेकीची रिकामी खोली. तीन वेळचं जेवण, आठवड्यातून एकदा कपडे धुऊन. दारातच सेन्योरा गालाला गाल लावून स्वागताचे दोन मुके घ्यायला पुढे होते. चिरंजीव नेमके त्याच क्षणी नमस्काराला वाकतात. पहिला मुका टाळूवर पडतो, दुसरा हवेत.

मग चपलांवरून जुंपते. घरात पादत्राणं घालणं म्हणजे महापाप, या संस्कारात वाढलेला मुलगा दाराशीच बूट काढून आत शिरतो आणि सेन्योरा किंचाळते, "अनवाणी!" अनवाणी चाललं की सर्दी होते, आणि सर्दीवरून माणूस कुठवर जाऊ शकतो याची यादी तिच्यापाशी तयार असते. नवरोबांच्या जुन्या लोकरी सपाता त्याच्या पायांत येतात. दोन मापं मोठ्या.

सकाळी टेबलावर कोको घातलेलं दूध आणि मारी बिस्किटं. मुलाला गहिवरून येतं. 1874 मध्ये लंडनच्या एका कारखान्याने रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलेलं हे बिस्कीट स्पेनमध्ये दुधात बुडतं आणि महाराष्ट्रात चहात; घाई केली नाही तर दोन्हीकडे तळाशी जातं. पण हा गहिवर साडेदहापर्यंतच टिकतो. कारण ही प्रस्तावना नसते, हाच नाश्ता असतो. साडेबाराला वर्गात क्रियापदं चालवताना पोट भूतकाळ चालवू लागतं. एकला घरी आलं तर स्वयंपाकघर थंड. दीडला सेन्योरा बाजारातून परतते. दोनला कढई चढते आणि अडीच ते तीनच्या दरम्यान ताट येतं. रात्रीचं जेवण साडेनऊच्या आधी मागणारा माणूस आजारी समजला जातो.

याला आळस म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा. स्पेन ग्रीनिचच्या आसपास आणि बरंचसं पश्चिमेलाच पसरलेलं आहे. म्हणजे घड्याळ लंडनचं हवं. पण मार्च 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने काटे एक तास पुढे ढकलले, तेव्हाच्या जर्मनीशी जुळते केले, आणि ते मागे घ्यायचं राहूनच गेलं. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास. परिणामी सालामांकात उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन होऊन गेलेले असतात. म्हणजे सेन्योरा अगदी भर माध्यान्ही वाढते, पुण्याच्या आजीसारखीच. सूर्याची वेळ सोडायला मुंबईसुद्धा सहजासहजी तयार नव्हती: देशाची प्रमाणवेळ 1906 मध्ये लागू झाली, तरी 39 मिनिटं मागे चालणारी 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत टिकली. हे सगळं मुलाला पटतं. पोटाला पटत नाही.

भुकेच्या बाबतीत गाव तसं जुनं जाणतं आहे. 1554 मध्ये छापलेल्या 'लासारियो दे तोर्मेस' या कादंबरीचा नायक म्हणजे पोटासाठी नाना लटपटी करणारं पोर. त्याची आई सालामांकात घर भाड्याने घेऊन विद्यार्थ्यांना रांधून घालते, आणि मुलाला मात्र एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवाली करते. गावाबाहेर पडताना पुलाजवळच्या दगडी बैलावर तो आंधळा पोराचं डोकं आपटून त्याला दुनियादारीचा पहिला धडा देतो. तो बैल आजही तिथे आहे. त्याला स्वतःला डोकं उरलेलं नाही.

आमचा मुलगा अंडं खातो, मांस-मासे नाही. हे तो पहिल्याच दिवशी सांगतो, आणि सेन्योरा समजुतीने मान डोलावते. गाव कुठलं, तर जवळच्या गिहुएलोत डुकराच्या ज्या तंगड्या मुरवून हामोन होतो, त्या दुकानादुकानांत छताला टांगणारं. मंगळवारी मसूर येतो. ला आर्मुन्या भागातला नावाजलेला मसूर, वर लालसर तवंग. मुलगा घरच्या आमटीच्या ओढीने चमचा घालतो आणि चमच्यात चोरीसोची चकती येते.

"हे मांस आहे."

"मांस कुठे? चवीपुरतं आहे."

सेन्योरा झाऱ्याने चकत्या वेचून नवरोबांच्या ताटात टाकते आणि मसूर शुद्ध झाल्याचं जाहीर करते. गुरुवारी सॅलडमध्ये ट्यूना निघतो. ट्यूना मांस नाही हे तर नवरोबासुद्धा शपथेवर सांगतात.

शेवटी तारते ती तोर्तिया. बटाट्याचे पातळ काप ऑलिव्हच्या तेलात बुडवून मंद आचेवर ठेवायचे. ते तळायचे नाहीत, मऊ पडू द्यायचे. तेल निथळून फेटलेल्या अंड्यात घालायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे आणि पुन्हा तव्यात ओतायचे. कडा धरल्या की सेन्योरा तव्यावर ताटली पालथी घालते, तळव्याने दाबते, श्वास रोखते आणि एका झटक्यात सगळं उलटं करते. अर्धकच्चं अंडं मनगटावर ओघळतं, तिला पत्ता नसतो. ताटलीतून तोर्तिया सरकत पुन्हा तव्यात जाते. कांदा घालायचा की नाही यावर हा देश दुभंगलेला आहे आणि हे घरही: अर्धी कांद्याची तिची, अर्धी बिनकांद्याची नवरोबांची. मुलगा दोन्ही बाजूंनी खातो.

न्हाणीघरात त्याची इभ्रत जाते. पाणी तापतं ते नारिंगी रंगाच्या साडेबारा किलोच्या सिलिंडरवर, आणि शॉवर पाच मिनिटांपुढे गेला की दारावर थाप पडते. गॅस वाचवून बाईंना खूश करावं म्हणून तो कोपऱ्यातली बादली भरून, मगाऐवजी कॉफीचा कप घेऊन, रीतसर आंघोळ करतो. ती बादली लादी पुसायची असते. दांड्याचा पोछा आणि पिळायची बादली ही जोडी 1950च्या दशकात मानुएल हालोन या अभियंत्याने बाजारात आणली आणि बायकांचे गुडघे वाचवले, हे सेन्योरा नंतर अभिमानाने सांगते. त्या क्षणी मात्र ती फक्त ब्लीचची बाटली आणते. बादलीसाठी की मुलासाठी, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही.

हिवाळ्यात सगळं घर एका गोल टेबलाभोवती गोळा होतं. टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड, आत विजेची शेगडी, कापड मांडीवर ओढून बसायचं. गुडघे भाजतात, पाठ गारठते. जेवण संपलं तरी उठायचं नाही. तासभर गप्पा हा जेवणाचाच भाग. एका शनिवारी चार वाजता, म्हणजे पुण्यात रात्री साडेआठला, तिथेच आईचा व्हिडिओ कॉल येतो.

"चार वाजले ना रे तिकडे? अजून जेवताय?"

सेन्योरा फोन हिसकावते. तिला मराठी येत नाही, आईला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे दोघी मोठ्याने बोलतात. सेन्योरा मुलाचं मनगट दोन बोटांत धरून किती बारीक ते दाखवते. आई पदर तोंडाला लावते. मग सेन्योरा फोन टेबलाखाली नेऊन थेट त्याच्या पावलांवर रोखते: चिरंजीव आजही अनवाणी.

"अरे, एवढ्या थंडीत?" आई पुण्यातून ओरडते. "त्या बाई सांगतायत ना, चपला घाल आधी!"