पहाटेचा ऑक्सिजन

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल आमच्या घरात एकमत होतं: काहीही करू नये. मी मात्र गावच्या ओढ्याचं आरोग्य तपासायला घेतलं. हे 2017 सालचं. कराडकडचा आमचा हा ओढा पावसाळ्यात वाहतो आणि उरलेलं वर्ष उसाच्या सरींतून निसटलेल्या पाण्यावर गुजराण करतो. त्या पाण्याबरोबर युरिया येतो, युरियावर शेवाळ पोसतं, आणि लांबून ओढा असा हिरवागार दिसतो की पुण्याचे पाहुणे त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

ओढ्याची तब्येत किड्यांवरून ओळखण्याची इंग्लंडमधली एक पद्धत मी वाचली होती. त्यात प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण. दगडाला चिकटून राहणारी, स्वच्छ पाण्याशिवाय न जगणारी मेफ्लाय या किड्याची चपटी पिल्लं सापडली की 10. जळू 3, चिखलातल्या लाल अळ्या 2, गांडुळाच्या जातीचे किडे 1. या लाल अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या ऑक्सिजन फार कमी असलेल्या गाळातही तग धरतात. थोडक्यात, ओढा जितका आजारी तितका चिखल लालबुंद.

नमुना घ्यायचा म्हणजे जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा. साठीचा माणूस विजार गुडघ्यावर खोचून पाण्यात लाथा झाडायला लागल्यावर फरशीपुलावर गर्दी होणारच.

"अण्णा, अंगठी पडली काय?"

"न्हाय वो, वहिनींनी घराबाहेर काढलंय."

जाळीत लाल अळ्या भरपूर आल्या, दहा गुणांचं एकही पिल्लू आलं नाही. एक जळू मात्र थेट माझ्या पोटरीवर निघाली. ती ओढ्याच्या खात्यात धरायची की माझ्या, याचा खुलासा पुस्तकात नव्हता. मी ओढ्याला दिले तीन गुण. रक्त माझं गेलं, निदान गुण तरी त्याला मिळावेत.

पुढे पाण्यातला ऑक्सिजन. भर दुपारी मोजला तर लिटरला 11 मिलिग्रॅम! पंचवीस अंशांच्या पाण्यात हवेतून जेमतेम 8 विरघळतो, मग हा जास्तीचा आला कुठून? शेवाळातून. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच परत ओढून घेतं. शेवाळाच्या पाण्याची खरी परीक्षा म्हणूनच सूर्योदयाआधी घ्यायची. शास्त्र स्पष्ट होतं. गावाची रीत त्याहून स्पष्ट होती, पण ती काही माझ्या पुस्तकात नव्हती.

पहाटेच्या अंधारात मी निघालो. काचेची बाटली आणि रसायनांच्या कुप्या खिशात खळखळत होत्या, म्हणून त्या न्हाणीघरातल्या टमरेलात ठेवल्या. टमरेल हातात घेऊन मी ओढ्याकाठी, करंजाच्या आडोशाला उकिडवा बसलो. बाटली पाण्याखालीच, एकही बुडबुडा न येऊ देता भरावी लागते. दुसरा इलाज नव्हता.

शिट्टी वाजली. उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना पहाटे धरणारं गुड मॉर्निंग पथक! ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई, शाळेचे मास्तर आणि चार बॅटऱ्या.

"अण्णा, तुमच्या घरात दोन संडास हायत की!" ग्रामसेवकांच्या आवाजात रागापेक्षा दुःख जास्त होतं.

"मी पाणी तपासतोय."

"आम्ही बी त्येच तपासाय आलोय."

पुरावा म्हणून मी प्रयोगच करून दाखवायला घेतला. पहिल्या दोन कुप्यांतले थेंब टाकले. ऑक्सिजन भरपूर असता तर बाटलीत तपकिरी गाळ बसला असता. इथे फिकट, मळकट पांढरा बसला. मास्तर कुतूहलाने वाकले. मला हुरूप आला. तिसऱ्या कुपीतलं आम्ल घातलं, बाटली हलवली. गाळ विरघळला आणि पाणी फिकट पिवळं झालं. तो पिवळेपणा आयोडीनचा असतो. हे वाक्य मी दोनदा म्हणालो. बॅटरीच्या उजेडात ती बाटली उंच धरूनच म्हणालो.

ताईंनी तोंड फिरवलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ग्रामसेवकांनी पिशवीतून गुलाबाचं फूल काढून माझ्या हातात दिलं आणि फोटो काढला. फोटोत एका हातात फूल, दुसऱ्या हातात बाटली, पायाशी टमरेल. सूर्य उगवायच्या आत तो गावच्या ग्रुपवर होता. बायकोने तो माझ्याआधी पाहिला.

घरी येऊन बाटलीतलं मोजमाप पुरं केलं. आकडा आला 1.8. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात निदान 4 असावा असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाण आहे. म्हणजे दुपारी टवटवीत दिसणारा आमचा ओढा रोज पहाटे धापा टाकत असतो. ग्रामसभेत मी हा आकडा मांडला, तेव्हा ऊसवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाटलीबद्दल.

तुमच्याही शिवारात असा हिरवागार ओढा असेल तर त्याचा ऑक्सिजन सूर्योदयाआधीच मोजा, दुपारच्या आकड्यावर जाऊ नका. फक्त आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पोचपावती घ्या, आणि टमरेल घरी ठेवा.