भुतांचा गेटपास

२०२४ साली दिवाळीच्या तिथीवरून पंडितांची चांगलीच जुंपली होती. दिल्लीकरांनी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला केलं, सोलापूरच्या दाते पंचांगाने आम्हाला १ नोव्हेंबर सांगितला. आमच्या नोएडातल्या सोसायटीची चिंता निराळीच. ३१ तारखेला हॅलोविन! कमिटीने एका मेसेजसरशी तो २६ तारखेच्या शनिवारी सरकवला. ना काशीला विचारलं, ना सोलापूरला.

शिवाय एक अट घातली. मुलांचे पोशाख घरी केलेले हवेत, बक्षीस आहे. 'घरी केलेले' हा शब्द इथे मोठ्या मनाने वापरतात. शेजारणीने चेटकिणीचा झगा मास्टरजींकडून शिवून घेतला. मास्टरजी आपल्या घरीच शिवतात, म्हणजे नियम पाळला गेला. दुसरीने सदर बाजारातून सांगाड्याचा सूट आणला आणि त्याचं लेबल घरी कापलं.

आमच्या पाच वर्षांच्या चिरंजिवांना व्हॅम्पायर व्हायचं होतं. सासूबाई गुहागरच्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी व्हॅम्पायर म्हणजे काय ते शांतपणे ऐकून घेतलं. "रक्त प्यायला तुमच्याकडे डास आहेत ना? संकासूर कर त्याला."

शिमग्यातला संकासूर म्हणजे काळे कपडे, उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. पोरं त्याला बघून आईच्या पदराआड लपतात आणि तो पुढे गेला की त्याच्याच मागे धावतात.

माझा काळा परकर उसवला. जुन्या कॅलेंडरची टोपी वळली. घुंगरं चांदणी चौकातल्या किनारी बाजारातून आणली. घोडं अडलं दाढीपाशी. फेविकॉलवर कापूस लावला तर त्याचे गोळे झाले, पोरगं कोमट दुधात पडल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी दिवाळीसाठी आणलेलं लांब वातींचं पाकीट फोडलं. सुतळीवर एकेक वात गाठून बसवली, मधल्या लांब, कडेच्या आखूड. कडेला जिथे गाठ बसेना, तिथे पुन्हा फेविकॉल. रात्री साडेअकराला दाढी झाली. चिरंजीव शिंकले, सहा वाती खाली.

शनिवारी स्वारी निघाली. दारावर भोपळ्याचा स्टिकर असेल तिथेच घंटी वाजवायची. (भाजीवाल्याकडे तो भोपळा सीताफल म्हणून मागावा लागतो. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.) तीन बिऱ्हाडांनी आमच्या संकासुराला सांता ठरवलं, चौथ्याने डंबलडोर. परीक्षक बाईंनी विचारलं, "थीम क्या है?" मी कोकण, शिमगा, नमन असं सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'साउथ इंडियन घोस्ट'. बक्षीस सांगाड्याला गेलं.

त्याचं एवढं काही नाही. गेटवरून परतताना मात्र टेसू आठवला. टेसू म्हणजे तीन काठ्यांवर मातीचं मुंडकं आणि मधे पेटती पणती. पश्चिम उत्तर प्रदेशातली पोरं दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत तो घेऊन गाणी म्हणत दारोदार पैसे, धान्य मागतात. आमची सोसायटी त्याच मुलखात उभी आहे. दहाच दिवसांपूर्वी अशी पाच-सहा पोरं गेटवर आली होती. गार्डने हाकलून दिली, म्हणाला, "कंप्लेंट आती है, मॅडम." हातात घरी केलेला टेसू, दिसायला भेसूर, मागणं दारोदारचं. कमिटीच्या सगळ्या अटींत बसत होता बिचारा. फक्त त्याला फ्लॅट नंबर नव्हता. आणि मीही तेव्हा भाजीची पिशवी सावरत लिफ्टकडेच गेले होते.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाला बसलो, तर वाती नाहीत. दाढीतल्या मधल्या, फेविकॉल न लागलेल्या पाच वाती ओढून काढल्या आणि समईत घातल्या. छान जळल्या.