फक्त तुला म्हणून देतोय

आवडत्या बँडच्या कार्यक्रमाचं परस्पर केलेलं रेकॉर्डिंग चारचौघांत वाटणं हे पुण्य की पाप, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. (जाणकार म्हणजे मी आणि माझा एक मित्र. तो हल्ली माझ्याशी बोलत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) म्हणून तो वाद बाजूला ठेवून इथे फक्त विधी सांगितला आहे. उदाहरणादाखल दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ घेतला आहे. एक तर तो माझा आवडता बँड, आणि दुसरं म्हणजे त्याचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. या शास्त्राचा सगळा डोलारा दुसऱ्या कारणावर उभा आहे.

सुरुवात पूर्वजांच्या स्मरणाने करावी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मॅपल्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रंगमंचावरचं गाणं मेणाच्या नळकांड्यांवर टिपून ठेवलं. आज ऐकलं तर खरखरीच्या पलीकडे, दोन गल्ल्या सोडून, कोणीतरी गातंय एवढंच कळतं. तरी लोक ते सव्वाशे वर्षं जिवापाड जपतायत. आवाज जितका वाईट तितकी भक्ती मोठी, हा पहिला धडा.

पण आपल्याला न्यूयॉर्कपर्यंत जायची गरज नाही. माझ्या काकांकडे मैफलींच्या कॅसेट दोन ट्रंका भरून होत्या. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. विलंबित ख्याल रंगात आला की खट्ट! काका कॅसेट उलटी करून बटण दाबेपर्यंत बुवा कुठल्या कुठे पोचलेले. त्यामुळे आमच्या घरात कितीतरी रागांना मधोमध भोक आहे. कॅसेटवर लाल शाईत लिहिलेलं असे: ‘खाजगी. कोणासही देऊ नये.’ आणि भरून देताना काका आवाज उतरवून म्हणत, “फक्त तुला म्हणून देतोय हां.” ते गेल्यावर कळलं की तीच मैफल, नेमक्या त्याच जागी तेच भोक, सदाशिव पेठेत निदान सहा घरांत आहे. भोक ही काकांची सही होती.

आता प्रत्यक्ष कृती. जागा ध्वनिव्यवस्थेच्या टेबलामागे धरावी, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच सगळ्यांना ऐकवत असतो. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने तर १९८४ साली रेकॉर्डिंगवाल्यांची तिकिटंच वेगळी काढून त्यांना तिथे मागे बसवलं. आपल्याकडे तिथे प्रायोजकांचे पाहुणे बसतात. फोन शर्टाच्या खिशात ठेवू नये. मी ठेवला होता. परिणामी त्या रेकॉर्डिंगमध्ये मुख्य गायक मी आहे, साथीला किल्ल्या, आणि लांबवर कुठेतरी ‘इंडियन ओशन’चा राहुल राम. माइकला कोण मोठा कलाकार हे कळत नाही, कोण जवळ आहे एवढंच कळतं. आपल्या लोकांची ‘वन्स मोअर’ची हौस संगीत नाटकांपासूनची, तेव्हा शेजारचा ओरडणार हे गृहीत धरावं. आपण ओरडू नये.

आणि फोन विमानाच्या मोडवर टाकावा. टाकावाच. ‘मा रेवा’ हे त्यांचं नर्मदेवरचं गाणं ऐन भरात असताना माझ्या आईचा फोन आला. येताना दूध आण, एवढाच निरोप. रेकॉर्डिंग थांबलं ते मी धडपडत पुन्हा सुरू करेपर्यंत. नर्मदेच्या गाण्याला दूध आडवं आलं.

घरी आल्यावर झोपायच्या आत नोंद करावी: तारीख, गाव, यंत्र, गाण्यांचा क्रम. तारखेत हयगय नको. बँडमधले असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. तुम्ही ‘२०११’ लिहिलंत आणि आत असीमदांचा आवाज निघाला, तर कोणीतरी भरसभेत तुमची लाज काढेल. तो कोणीतरी मीच असेन. फाइल फ्लॅकमध्ये द्यावी, कारण त्यात आवाजातलं काही गळत नाही. एमपीथ्रीची परत फ्लॅक करून देणाऱ्याला मात्र दारात उभं करू नये. लोणी काढून झालेल्या ताकाला पुन्हा दही म्हणण्याचा तो प्रकार आहे.

कायद्याचंही बघावं लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला आणि आता तो ५० वर्षं टिकतो. स्वतःच्या खाजगी वापरासाठी रेकॉर्डिंग करायला त्यात सूट आहे. वाटायला नाही. म्हणजे स्वयंपाक करा, पण पंगत बसवू नका. सरळ मार्ग एकच: बँडला विचारणं. बरेच जण हो म्हणतात. पैसे मात्र एक रुपयाही घेऊ नये, आणि विकत मिळणारा अल्बम असा वाटू नये. तिथे भक्ती संपून चोरी सुरू होते.

खरी पंचाईत होते ती बँड स्वतःच उदार निघाला की. ‘फुगाझी’ या अमेरिकन बँडने २०११ पासून आपल्याच आठशेवर कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं लोकांपुढे ठेवायला घेतली, किंमत पाच डॉलर सुचवलेली, पण एकापासून शंभरापर्यंत जे वाटेल ते द्या. ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी महिन्याला एक अशी फुकट देऊन टाकली. आता आवाज उतरवून ‘फक्त तुला’ म्हणायचं तरी कशाबद्दल?

तर त्या मित्राबद्दल. त्याने माझं रेकॉर्डिंग नेलं आणि आठवड्याने ‘दुरुस्त करून’ परत आणलं. आईच्या फोनची जागा त्याने ‘कंदिसा’ या २००० सालच्या अल्बममधल्या ‘मा रेवा’ने बुजवली होती. वर मला म्हणाला, “बघ, आता कळतसुद्धा नाही.” मी त्याला जे बोललो ते इथे छापण्याजोगं नाही.

मूळ प्रत, भोकासकट, माझ्याकडे आहे. हवी असेल तर रविवारी सकाळी या. येताना रिकामा पेन ड्राइव्ह आणा. माझा त्या मित्राकडेच राहिला आहे.