कळसूबाईची अट

डोंगर साद घालतात, ही कवींनी उठवलेली वावडी आहे. शहरातल्या नवरा-बायकोला खरी साद घालतो तो कामवाल्या बाईंचा गुरुवारी रात्री आलेला व्हॉइस मेसेज. "ताई, शनिवार-रविवार येनार नाय, गावाला चाल्ले." तो ऐकला की दोघांची नजर आधी सिंककडे जाते, मग एकमेकांकडे, आणि दोघांनाही एकदम सह्याद्री आठवतो. "निसर्गात जाऊन किती दिवस झाले ना," ती म्हणते. "अगं, मी तेच म्हणणार होतो," तो म्हणतो. लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत उरतं, त्यांत रविवारची भांडी कोणी घासायची हा विषय नसतो. म्हणून मग डोंगर.

कुठला डोंगर, हे नंतर ठरतं. पूर्वी आधी गड ठरायचा, आणि पोटाचं काय ते सॅकमधल्या दशम्या नि लसणाची चटणी बघून घ्यायची. हल्ली आधी जेवण ठरतं आणि मग त्याच्या आसपास एखादा डोंगर आहे का, हे नकाशावर पाहतात. 'चुलीवरचं', 'गावरान' आणि 'अनलिमिटेड' हे तीन शब्द एका जाहिरातीत सापडले की पेट्रोल भरायला हरकत नसते. डोंगर फक्त भूक लागण्यापुरता हवा. म्हणजे पुरेसा उंच, पण संध्याकाळच्या भज्यांना उशीर होईल इतका नव्हे.

या कसोटीला ठाण्या-पुण्याकडच्या जोडप्यांसाठी भंडारदरा पुरेपूर उतरतं. धरण आहे, धबधबे आहेत, तंबू आहेत, तंबूला लागून संडास आहे. शिवाय सोमवारी ऑफिसात सांगण्याजोगं कळसूबाईचं शिखर आहे. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. दुसरा नंबर बागलाणातल्या साल्हेरचा, १५६७ मीटर. त्या साल्हेरच्या परिसरात १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात धूळ चारली. पण ७९ मीटर कमी म्हणजे कमी. 'राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर सर केलं' असा फोटो टाकणारा नवरा आमच्या तरी पाहण्यात नाही.

शुक्रवारची संध्याकाळ खरेदीची. तो बूट घेतो, पोंचो घेतो, घडी होणाऱ्या दोन काठ्या घेतो, पाण्याची नळी थेट तोंडाशी येणारी पिशवी घेतो. बर्फात चालतील असे बूट, अशी दुकानातल्या पोराची हमी असते आणि याला ती रास्त वाटते. अकोले तालुक्यात बर्फ कधी पडला, हे विचारण्याचं काम बायकोचं. ती विचारते. तो म्हणतो, "ग्रिप, ग्रिप महत्त्वाची." दुसऱ्या दिवशी हे बूट डोंगर चढत असताना शेजारून डोक्यावर ताकाची बरणी नि हातात काकड्यांची पिशवी घेतलेली बारी गावची बाई रबरी चपलेतून पुढे निघून जाते. तिच्या ग्रिपचा विषय निघत नाही.

रस्ता आता सोपा झाला आहे, हीच एक अडचण. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तेव्हापासून कसारा घाटात गाडी तापली म्हणून थांबायचं आणि गाडी निवेपर्यंत भजी खायची, ही सनदशीर सोय संपली. बोगद्यात भजी मिळत नाहीत. वाचलेला वेळ मग घोटीला मिसळीवर खर्च होतो. ही न्याहारी नव्हे, कारण न्याहारी घरून निघताना झालेली असते. हा चढाईचा पूर्वरंग.

बारी गावातून वाट वर निघते. शनिवारी, त्यातून जुलैमधल्या शनिवारी, लोखंडी शिड्यांपाशी संध्याकाळी सहाच्या दादरच्या पुलासारखी रांग लागलेली असते. तशीच कोपरं, तसंच 'चला, चला, थांबू नका'. ज्या गर्दीला कंटाळून माणसं बाहेर पडतात ती अशी भल्या पहाटे उठून त्यांच्या आधी येऊन उभी राहते. रांगेत करण्यासारखं काही नसतं, तेव्हा नवरा मोबाइल काढून माहिती वाचून दाखवतो. डोंगरावर माहिती वाचून दाखवणं हे नवरेपणाचं एक अंग आहे. आमच्या पुढचं जोडपंही त्याला अपवाद नव्हतं. मागच्या शिडीवर उभं राहून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"कळसू नावाची एक मुलगी होती," तो वाचू लागला. "पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली. सांगाल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही."

"बरं," ती म्हणाली. आतापर्यंत ती पायाखाली पाहत होती, आता वर पाहू लागली.

"एकदा घरी पाहुणे आले. पाटलानं तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. तिनं ते केलं आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. केर काढला तो काळदरा. आणि जिथे राहिली तो हा डोंगर."

"पाटील काय म्हणाला मग?"

त्यानं स्क्रीन वर-खाली केला. "ते दिलेलं नाहीये."

ते दिलेलं नसतंच. पण अंदाज बांधता येतो. हल्ली कामाला माणसं मिळत नाहीत हो, असं तो चावडीवर म्हणाला असेल. हेच वाक्य आपण आज लिफ्टमध्ये म्हणतो. आम्हाला या कथेत आवडते ती कळसूची शिस्त. हातातलं काम पुरं केलं, नोटीस पीरियडला फाटा दिला नाही, आणि मगच गेली. राज्यातल्या सर्वांत उंच जागी गेली दोन-चार शतकं कोणी राजा बसलेला नाही, सरदार बसलेला नाही. घरकामाची अट मोडली म्हणून चालती झालेली एक मोलकरीण तिथे बसली आहे. नवरात्रात तिची जत्रा भरते. महादेव कोळ्यांची ती कुलदेवी. कामाच्या अटी स्पष्ट सांगणाऱ्या बाईला आपण फार तर दोनच दर्जे देऊ शकतो. लांब डोंगरावर असेल तर देवी, आणि आपल्याच बिल्डिंगमध्ये असेल तर माजलेली.

माथ्यावरून अलंग, मदन आणि कुलंग दिसतात. रतनगड दिसतो, लांब हरिश्चंद्रगड दिसतो, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकतं. हे सगळं जानेवारीत. जुलैमध्ये दिसतो पुढच्या माणसाचा पोंचो. ढगात फोटो काढले जातात. मागे निव्वळ पांढरं असल्यामुळे ते घरी न्हाणीघरात गीझर लावूनही निघाले असते, पण ती सूचना आम्ही मनात ठेवली. देवळापाशी डोकं टेकून झाल्यावर दोघं मॅगीच्या टपरीकडे वळले, आणि भाव ऐकून नवरा थबकला.

"मावशी, खाली केवढ्याला मिळते ही?"

"मंग खालीच खायची ना, दादा."

पाणी, स्टोव्ह, भांडी आणि पुडे रोज पाठीवरून वर आणणाऱ्या बाईकडून वाहतूक खर्चाचा एवढा नेमका खुलासा कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही. मॅगी खाल्ली गेली. कागदी बशी आणि प्लास्टिकचा काटा दगडाच्या खाचेत नीट, कुणाला दिसणार नाही असा ठेवला गेला. स्वच्छतेची आवड सुटत नाही माणसाची. कळसूबाईनं केर काढायचा नाही असं आधीच सांगून ठेवलंय, हे याच माणसानं दोन तासांपूर्वी मोठ्यानं वाचलं होतं.

मग आला सहलीचा मूळ हेतू, म्हणजे रात्रीचं जेवण. शेंडी गावाच्या अलीकडे एका घरी त्यांची सोय होती. आमचीही तिथेच, म्हणून पुढचं पाहता आलं. मावशींनी विचारलं, "पनीर करू का? सगळे मागत्यात." दोघांच्या चेहऱ्यावर क्षणभर लोभ चमकला आणि तत्त्वानं त्याचा गळा दाबला. "नको, नको. तुम्ही रोज जे खाता ना, तेच द्या."

'रोज' हा शब्द फार जपून वापरावा. मावशी सुज्ञ होत्या. त्यांनी रोजचं खरोखर आणलं असतं तर ताटात भात, पातळ कालवण आणि मीठ आलं असतं आणि पाहुण्यांनी रात्रीच गाडी काढली असती. त्यांनी आणलं ते शहरी माणसाच्या कल्पनेतलं रोजचं. नाचणीची भाकरी, तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, हुलग्याची शेंगोळी, भारंगीची भाजी, गावरान कोंबडीचा रस्सा, इंद्रायणीचा भात, वर तूप. गावात एवढं लग्नाला करतात. बायकोनं ताटाचा फोटो काढला, मग चुलीचा, मग चुलीपुढे मावशींचा. धुरानं मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. फोटोत ते वात्सल्य म्हणून छान आलं.

"हे सगळं ऑरगॅनिक ना?" त्यानं विचारलं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं मडक्या-डब्यांत जपून बँक उभी केली, २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. वाल आणि भाताचे जुने वाण ओळखणाऱ्या बायका या भागात आहेत. मावशी मात्र म्हणाल्या, "ऑरगॅनिक नाय, आपल्या वावरातलं हाय." तो किंचित नाराज झाला. मागे पडवीत मावशींचा नातू क्रीमची बिस्किटं खात बसला होता. नाचणीकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. दोन्ही पक्ष एकमेकांचं जेवण खाऊन तृप्त होते.

रात्र तंबूत गेली, तिच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. नेटवर्क नव्हतं, त्यामुळे नवरा-बायकोचा संवाद झाला. मग शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी स्पीकर लावला आणि संवादाची गरज उरली नाही. सकाळी धरण उरकलं. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. पाणी खाली सपाटीवरच्या उसाला जातं, आणि वर राहणाऱ्यांच्या वाट्याला ते पाहायला येणारे आपण.

निघण्याआधी न्याहारीचे कांदेपोहे झाले. तेव्हा त्याला भिंतीवर खडूनं लिहिलेली ओळ दिसली. 'ताट ज्याचं त्यानं विसळून ठेवावं.' ताट हातात धरून तो दोन मिनिटं उभा राहिला. कुणीतरी येऊन ते घेईल अशी त्याला जन्मापासून सवय होती. कुणी आलं नाही. बायकोनं आपलं ताट मोरीवर नेलं, राखेनं घासलं, विसळलं, शिंकाळ्याशेजारी पालथं घातलं आणि हात पदराला पुसावेत तसे जॅकेटला पुसले.

"आणि माझं?" तो म्हणाला.

"तुझ्याच हातात आहे की."

गाडी समृद्धीला लागेपर्यंत तो गप्प होता. नेटवर्क आलं तसं त्यानं अभिप्राय टंकला. जेवण अप्रतिम. डोंगर चांगला, पण पायऱ्या कमी कराव्यात. मावशी स्वभावानं प्रेमळ, मात्र पैसे घेऊन गेस्टना भांडी घासायला लावतात, हे पटलं नाही. एक तारा कमी.

तासाभरात खाली मालकांकडून उत्तर आलं. "धन्यवाद सर. परत या. घासणी नवीन आणली आहे."