महिन्याला अर्धा तास

मावशीच्या खोकल्याची फाइल माझ्याकडे आहे. तीन महिने, तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या. पहिलीवर खोकल्याचं पातळ औषध आणि एक अँटिबायोटिक. दुसरीवर पाच दिवस लेव्होफ्लॉक्सासिन. त्यानं ताप उतरला, मावशी उठून स्वयंपाकाला लागली आणि पंधरा दिवसांत पुन्हा आडवी झाली. तिसरीवर ॲलर्जी आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. ‘बेडका तपासून घ्या’ हे तीन शब्द तिन्ही चिठ्ठ्यांवर कुठेच नाहीत. ते अखेर सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं लिहिले. टीबी निघाला.

दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबीचा संशय घ्यायचा, हा आपल्या क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबून ठेवतं. रोग्याला बरं वाटतं, बेडक्यात जंतू सापडणं अवघड होतं आणि निदान लांबतं, हेही वैद्यकाला केव्हाचं माहीत आहे. तिघा डॉक्टरांपैकी कुणीही आम्हाला लुबाडलं नाही. पहिल्यांनी तर फीसुद्धा घेतली नाही, काकांचे शाळूसोबती म्हणून. माणसं चांगली होती, पदव्या खऱ्या होत्या, नोंदणी चालू होती.

नोंदणी चालू राहते कशी? महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी मेडिकल काउन्सिलकडे नूतनीकरण होतं आणि त्यासाठी परिषदा-व्याख्यानांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. देशपातळीवरच्या २००२ च्या नियमांतही पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण असंच म्हटलं आहे. पाच वर्षं म्हणजे ६० महिने. महिन्याला अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात नेमकं काय मोजलं जातं? डॉक्टर हॉलमध्ये हजर होते. घरी परतल्यावर त्यांच्या चिठ्ठीतली एक ओळ तरी बदलली का, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

चिठ्ठी मोजता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं धारावीत जावं. तिथे ती दोनदा मोजली गेली आहे. १९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी टीबीच्या उपचारांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या शंभरेक खासगी डॉक्टरांना विचारलं होतं: टीबीचा रुग्ण समोर आहे, औषधं लिहा. उत्तरं आली ८० तऱ्हांची. पुढे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या, बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांची. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची योग्य चिठ्ठी तर तिघांनाच लिहिता आली.

दोन अभ्यासांमध्ये जवळपास वीस वर्षं. एवढ्या काळात मुंबईत किती परिषदा झाल्या असतील, किती प्रमाणपत्रं वाटली गेली असतील! तरी १०६ पैकी सहा. त्या डॉक्टरांना नुसते दोष देऊन मी मोकळा होणार नाही. धारावीतल्या दवाखान्याची ओपीडी ज्यानं पाहिली आहे त्याला कळेल, की तिथला डॉक्टर सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत माणसं बघतो. त्याचं काय चुकतंय हे त्याला वीस वर्षांत कुणी जाऊन सांगितलं, हा माझा प्रश्न आहे.

आणि शिकलेलं जुनं होण्याचा वेग बघा. समजा एक डॉक्टर १९९५ मध्ये पास होऊन तालुक्याला बसला. कॉलेजात शिकलेलं एकट्या टीबीतच किती वेळा मोडलं? रक्ताच्या थेंबावरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर २०१२ मध्ये बंदी आली, कारण त्या फसव्या होत्या. त्याच वर्षी प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं सक्तीचं झालं. बेडक्यात टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, हे दोन तासांत सांगणारं यंत्र जिल्ह्या-जिल्ह्यांत आलं. २०१७ पासून कार्यक्रमातली आठवड्याला तीनदा द्यायची औषधं रोजची झाली. २०२४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मंजुरी मिळाली. पूर्वी त्यासाठी वीस-वीस महिने गोळ्या घ्याव्या लागत. हे झालं एका रोगाचं. मधुमेह, रक्तदाब, दमा, साप चावलेला माणूस, अडलेली बाई, सगळं त्याच एका डॉक्टरच्या टेबलावर येतं.

या डॉक्टरपर्यंत नवी माहिती घेऊन नियमानं कोण पोचतं? एमआर, औषध कंपनीचा प्रतिनिधी. ऊन असो, पाऊस असो, बॅग घेऊन दाराशी उभा. त्याची नोकरी आहे ती, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्या बॅगेत त्याच्या कंपनीची औषधं असतात. ‘हे औषध बंद करा’ किंवा ‘इथे औषधाची गरजच नाही’ असं सांगणारा माणूस पगार देऊन कुठली कंपनी पाठवेल? वैद्यकातलं बरंचसं नवं ज्ञान तर काय थांबवायचं याचंच असतं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाला हे कळलं होतं. २ ऑगस्ट २०२३ ला निघालेल्या नियमावलीत, औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षण कार्यक्रमांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. २३ ऑगस्टला ती सगळीच नियमावली स्थगित झाली. तीन आठवडे टिकली! मग मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी वेगळी आचारसंहिता आली. भेटवस्तू बंद, परदेशातल्या परिषदा बंद, पण देशातल्या देशात कंपन्यांच्या खर्चानं शिक्षण चालू. डॉक्टरच्या शिक्षणाचा खर्च समाजानं उचलला नाही, तर तो विक्रेता उचलणार. आणि तो खर्च शेवटी औषधाच्या किमतीतून रोगीच भरतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. आयसीएमआरने २००७ मध्ये उपचारांचे पुरावे तपासून मांडणारी कॉक्रेन लायब्ररी भारतात सगळ्यांना फुकट वाचायला खुली केली. नंतर एकेका आजाराचे उपचार एकेका पानावर मांडणारे तक्ते काढले, आणि ते खरोखर छान आहेत. हजारो शोधपत्रिका खुल्या करणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ मध्ये सुरू झाली, मात्र पहिल्या टप्प्यात ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. म्हणजे मावशीचे तिन्ही डॉक्टर बाहेरच. खेड्यापाड्यातला बहुतेक आजारी माणूस ज्याच्या दारात पहिल्यांदा जातो, त्यालाच दार बंद.

पण नुसती पुस्तकं उघडी करूनही भागणार नाही, आणि इथे मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्यायचं, हे कुठल्या डॉक्टरला माहीत नाही? १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं माणसं वाचवून दाखवली. तरीही ते पुडकं चिठ्ठीवर येत नाही. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानांत प्रशिक्षित माणसांना पालक म्हणून पाठवलं गेलं. २०२४ च्या सुरुवातीला त्याचा अभ्यास ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला. ओआरएस न लिहिण्याचं सर्वांत मोठं कारण निघालं ते डॉक्टरांचा समज: रोग्याला हे नकोच असतं, त्याला ‘खरं औषध’ हवं असतं. पालकानं ‘ओआरएस चालेल का’ असं नुसतं विचारलं, की ते लिहिण्याचं प्रमाण झपाट्यानं वाढलं. हॉलमधलं कुठलं भाषण हे बदलणार होतं? डॉक्टरच्या मनातला तो समज त्याच्या खुर्चीसमोर बसूनच काढावा लागतो.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. दहा-दहा डॉक्टरांचे गट करा, तालुक्याच्या ठिकाणी, रविवारी सकाळी. प्रत्येकानं आपल्या मागच्या महिन्यातल्या वीस चिठ्ठ्या आणाव्यात, रुग्णाचं नाव झाकून. मेडिकल कॉलेजातला एक शिक्षक बसवा, त्याचं मानधन काउन्सिलनं द्यावं. कुठल्या चिठ्ठीत काय राहिलं, का राहिलं, यावर बोला. जिल्हा रुग्णालयात टीबीचं निदान झालं की त्या रोग्याला आधी बघितलेल्या प्रत्येक डॉक्टरला एक कागद जाऊ द्या: तुमच्याकडे आलेल्या या रुग्णाचं पुढे हे निघालं. शिक्षा नको, बोभाटा नको. फक्त कळू द्या. आणि क्रेडिट पॉइंट त्याचेच द्या.

मावशीचा कोर्स पूर्ण झाल्यावर मी पहिल्या डॉक्टरांकडे फाइल घेऊन गेलो. भांडायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी चष्मा पुसला, रिपोर्ट वाचला, मग स्वतःची चिठ्ठी काढून तारीख बघितली. बराच वेळ ते बोलले नाहीत.

“चौतीस वर्षं प्रॅक्टिस करतोय,” ते म्हणाले. “बरा झालेला पेशंट पेढे घेऊन येतो. बरा न झालेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्याचं पुढे काय झालं, हे कुणी परत येऊन सांगत नाही. तुम्ही पहिलेच.”

मग त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि सगळ्या फाइलची झेरॉक्स काढून आणायला सांगितली. स्वतःच्या चिठ्ठीची दोनदा.